सोबतीचे दिवस

सेसिल मस्कतहून आलाय आणि टोरोंटोजवळ थॉर्नहिलला चुलतभावाकडे उतरलाय, हे हॅनाला इलानाने सांगितलं. गेली साडेचार-पावणेपाच वर्षं नवऱ्याची प्रत्येक बातमी तिला मुलीकडूनच कळत आली होती. त्याला ताप आला, त्याने गाडी बदलली, त्याचा कंपनीशी करार वाढला, सगळं व्हाया इलाना. पण सुनावणीच्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर बसणं टळणार नव्हतं. वकील शुभदा केळकरने दोघांनाही टोरोंटोतल्या इमिग्रेशन अपिलाच्या कचेरीखालच्या कॉफीच्या दुकानात वेळेआधी बोलावलं होतं.

हॅना आणि इलाना हॅमिल्टनहून बसने आल्या. नोव्हेंबरचा कोरडा, बोचरा वारा सुटला होता. सेसिल आधीच येऊन बसला होता. केस बरेच पिकले होते, आणि कोट जुनाच होता, हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात असताना घेतलेला.

"कशी आहेस?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

इलाना बाबाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. अठरा संपून एकोणीसचं वर्ष लागलेलं, युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष. आईबाबांचं फारसं पटत नाही हे तिला ठाऊक होतं. पण बाबाची मस्कतहून दूर सोहारला बदली झाली म्हणून तो वेगळा राहायला गेला, असंच ती धरून चालली होती. तसंच तिला सांगण्यात आलं होतं.

शुभदा आली, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि तिने सरळ विषयालाच हात घातला.

"पुन्हा एकदा सांगते, म्हणजे आत गोंधळ नको. पर्मनंट रेसिडेंटला पाच वर्षांत दोन वर्षं कॅनडात काढावी लागतात. हॅनाने ती काढलेली नाहीत. पण नवरा कॅनडाचा नागरिक असेल आणि ती त्याच्या सोबत परदेशात राहत असेल, तर ते दिवस कॅनडातच राहिल्यासारखे धरतात. मस्कतची पहिली वर्षं तुम्ही एका घरात होता, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. वाद आहे तो सेसिल सोहारला गेल्यानंतरचा. ते दिवस धरले नाहीत, तर सहा-सात महिने कमी पडतात."

"मी दर गुरुवारी घरी यायचो," सेसिल म्हणाला. "तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. गुरुवारी दुपारी यायचो, शुक्रवारी जेवण करून परत. नोकरीसाठी वेगळं राहणं म्हणजे काही संसार मोडणं नव्हे."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की हॅनाने चमकून त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघून कॉफीत साखर ढवळत होता.

"हॅना, बरोबर ना?" शुभदाने विचारलं.

हॅनाने मान हलवली. ती मान 'हो' म्हणाली की नुसतीच हलली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

वर जाताना लिफ्टपाशी सेसिल तिच्या जवळ सरकला. "घाबरू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी आहे ना."

हे शब्द हॅनाला काट्यासारखे टोचले.

मूळ गोष्ट अशी होती. पेणकरांचं मराठी ज्यू कुटुंब ठाण्याहून कॅनडात आलं तेव्हा इलाना आठ वर्षांची होती. सेसिल आणि इलाना नागरिक झाले, तेव्हा हॅनाचे वडील ठाण्यात शेवटच्या दुखण्यात होते आणि ती त्यांच्या उशाशी होती. तिचा अर्ज राहिला तो राहिलाच. "नंतर करू," सेसिल म्हणाला. पुढच्याच वर्षी त्याला मस्कतला एका पोलाद कंपनीच्या ऑफिसात मोठी जागा मिळाली आणि बिऱ्हाड तिकडे हललं. हॅनाला तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळालं. दोन-तीन वर्षांत परत जायचं असं बोलणं झालं होतं.

मग २००८ च्या फेब्रुवारीतला तो शुक्रवार आला. इलाना मैत्रिणीकडे गेली होती. हॅनाने नारळाच्या दुधातली माशांची कढी केली होती, ठाण्याला आई करायची तशी. जेवता जेवता सेसिलने सांगितलं की त्याने करार पाच वर्षांनी वाढवलाय. सही करूनही झाली होती.

"मला न विचारता?"

"विचारण्यासारखं काय त्यात?"

"इलानाच्या शाळेचं काय? आपण परत जायचं ठरलं होतं. तुला राहायचं तर राहा. मी तिला घेऊन जाते."

तेव्हा तो हसला होता. "जा ना. माझ्याशिवाय तुला तिथे आत कोण घेणार? तुझं रेसिडेंटचं कार्ड माझ्या जिवावर चालतंय, हॅना. मी सोबत आहे म्हणून तू तिकडची आहेस."

हॅना उठली आणि म्हणाली, असल्या माणसाच्या सोबतीपेक्षा ते कार्ड नसलेलं बरं. सेसिलने तिला मारलं. एकदाच, पण असं की ती ओट्यावर आदळली आणि कपाळ फुटलं. नंतर तोच टॉवेल घेऊन धावला, तोच रडला. हॅना रडली नाही. ती टॉवेल कपाळाला लावून बसून राहिली आणि संध्याकाळी म्हणाली, "उद्यापासून तू या घरात राहायचं नाहीस."

तो गेला. आठवड्याभरात त्याने सोहारच्या कारखान्यात बदली मागून घेतली. भाडं न चुकता भरलं, शाळेची फी भरली. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी यायचा, खालूनच फोन करायचा, इलानाला जेवायला घेऊन जायचा. जिना मात्र तो पुन्हा चढला नाही. लोकांना सांगायला बदली होतीच. कपाळाबद्दल हॅनाने सांगितलं, ओट्याचा कोपरा लागला. ते तसं खोटंही नव्हतं.

तेव्हाच ती परत का आली नाही? हा प्रश्न तिने स्वतःला किती वेळा विचारला असेल. इलानाची शाळा होती, नोकरी होती. पण खरं कारण ते नव्हतं. नवऱ्याशिवाय विमानतळावर उतरलो तर कार्ड काढून घेतील, मुलीला आत सोडतील आणि आपल्याला परत पाठवतील, या भीतीने ती तीन वर्षं जागची हलली नाही. त्याचं ते एक वाक्य त्या फटक्याहून जास्त टिकलं.

शेवटी इलानाला हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला आणि हॅना तिच्याबरोबर आली. भीती होती तसंच झालं. टोरोंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने बाजूला बसवलं, नवरा कुठे राहतो ते विचारलं. हॅनाने सोहार सांगितलं. स्वतःचा पत्ता मस्कतचा सांगितला. त्याने दोन्ही पत्ते लिहून घेतले. दोन-अडीच तासांनी तिच्या हातात देश सोडण्याचा हुकूम पडला आणि अपील करायची मुदत सांगितली गेली. अपील चालू असेपर्यंत राहता येणार होतं, काम करता येणार होतं. मायलेकींनी हॅमिल्टनला एक बेसमेंट भाड्याने घेतलं, हॅना एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पार्टटाइम लागली, आणि वर्ष असंच टांगणीला गेलं.

सुनावणीची खोली अगदीच लहान निघाली. एक लांब टेबल, पाण्याचा जग, समोर अपील ऐकणाऱ्या सदस्य बाई. साठीच्या, आखूड पांढरे केस, आवाज मऊ. उजवीकडे सरकारी वकील, तिशीतला उंच तरुण. साक्षीदाराने आधीची साक्ष ऐकायची नसते, म्हणून सेसिलला बाहेर बसायला सांगितलं. इलानाही त्याच्या सोबतीला बाहेर थांबली. बायबलच्या पहिल्या भागावर, ज्यूंच्या धर्मग्रंथावर, हात ठेवून हॅनाने शपथ घेतली.

शुभदाचे प्रश्न सोपे होते. लग्न कधी, कॅनडात कधी, मस्कतला का. हॅनाचा आवाज हळूहळू स्थिर झाला. मग सरकारी वकिलाची पाळी आली. तो अदबीनेच बोलत होता.

"मिसेस पेणकर, २००८ च्या फेब्रुवारीपासून तुमच्या नवऱ्याचा पत्ता सोहारचा दिसतो. ते वेगळे का राहू लागले?"

उत्तर तयार होतं. बदली झाली, एवढं म्हणायचं. पुढचं सेसिल सांभाळून नेणार होता. दर गुरुवारी, शुक्रवारी जेवण करून परत. हॅनाने तोंड उघडलं, आणि तिला लिफ्टपाशी ऐकलेलं ते वाक्य आठवलं. मी आहे ना. आज ती जिंकली असती, तर पुन्हा त्याच्याच शब्दावर जिंकली असती. तो बाहेर जाऊन एक वाक्य वेगळं बोलला की सगळं गेलं. म्हणजे कार्ड हातात असलं तरी चालणार त्याच्याच जिवावर, उद्याही आणि परवाही.

"बदली त्याने मागून घेतली," ती म्हणाली.

"का?"

"मी त्याला घरात राहू नको म्हणून सांगितलं होतं."

शुभदाचं पेन थांबलं.  मग वकिलाने जरा सावकाश विचारलं, "त्यानंतर ते तुमच्या घरी येऊन राहत होते का? सुट्टीच्या दिवशी?"

"नाही. एकदाही नाही."

"तुम्ही त्यांना तसं का सांगितलंत?"

हॅनाने सदस्य बाईंकडे बघितलं. "त्याने मला मारलं होतं," ती म्हणाली. तिचं इंग्रजी चांगलं होतं, पण हे वाक्य तिने याआधी कुठल्याही भाषेत उच्चारलं नव्हतं. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या वकिलांनाही नाही." मग तिने तो शुक्रवार सांगितला. करार, कढी, त्याचं कार्डाबद्दलचं वाक्य, ओटा. सांगताना रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. 

सदस्य बाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

शुभदाने तिला बाजूच्या लहान खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. "हे तुम्ही मला वर्षभरात का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारायचात तेव्हा दर वेळी ओठावर यायचं."

शुभदाने हातातलं पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. आता नीट ऐका. कायद्याप्रमाणे दिवस कमी पडले, तो मुद्दा संपला. दुसरा रस्ता आहे. सगळी परिस्थिती बघून, माणुसकीच्या नात्याने सदस्य बाई तुम्हाला राहू देऊ शकतात. पण त्यासाठी त्यांचा तुमच्या शब्दावर विश्वास बसायला हवा." ती थांबली. "आणि आता सेसिल आत येणार."

हॅनाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. 

"तो 'दर गुरुवारी' सांगेल," ती म्हणाली.

"सांगेल. तुमच्यासाठीच सांगेल. आणि मग तुमच्या दोघांतलं कुणीतरी खोटं ठरेल."

"त्याला बोलवायचंच नाही, असं नाही का करता येणार?"

"साक्षीदार मस्कतहून येऊन बाहेर बसलाय आणि आपण त्याला आत आणत नाही. ते काय समजतील? आणि त्याला मी काही सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. डोळ्यांनीसुद्धा नाही. कळतंय ना?"

बाहेर सेसिल आणि इलाना बाकावर बसले होते. दार उघडताच सेसिलने भुवया उंचावून विचारलं, कसं झालं? हॅना नजर फिरवून वॉशरूमकडे गेली. तोंडावर पाणी मारून ती आरशासमोर उभी राहिली. कपाळावरचा व्रण आता नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हता. हा माणूस आज पहिल्यांदाच तिच्यासाठी काहीतरी करायला एवढ्या लांब आला होता. आणि त्याच्या त्या करण्यानेच ती बुडणार होती.

सेसिल आत आला. शपथ घेतली. टाय सारखा करून बसला. शुभदाने त्याला मोजकंच विचारलं, नोकरी, पगार, भाडं कोण भरायचं. गुरुवारचा विषय तिने काढलाच नाही. तो सरकारी वकिलाने काढला.

"सोहारला गेल्यावर तुम्ही मस्कतच्या घरी किती वेळा जायचात?"

"दर गुरुवारी," सेसिल म्हणाला. "शुक्रवारी परत."

हॅना टेबलाच्या कडेकडे बघत होती. मान वर करायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

"रात्री तिथेच राहायचात?"

"अर्थात. माझंच घर होतं."

"शुक्रवारी काय करायचात?"

"जेवायचो सगळे. माझी बायको माशांची कढी करते, नारळाच्या दुधातली. शुक्रवारचं जेवण आमच्यात महत्त्वाचं असतं, संध्याकाळी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो म्हणून..." तो बोलता बोलता अडला.  वकील त्याच्याकडे बघत नव्हता, कागदावर काहीतरी लिहीत होता. शुभदाचा चेहरा दगडासारखा होता. सेसिल इंजिनियर माणूस. कारखान्यात यंत्राचा आवाज बदलला की त्याला दुरून कळायचं. या खोलीतला आवाज बदललाय, हे त्याच्या ध्यानात आलं.

"मिस्टर पेणकर," सदस्य बाई म्हणाल्या, "तुम्ही शपथेवर आहात. घाई नाही. सावकाश उत्तर द्या."

त्याने हॅनाकडे बघितलं. हॅनाला ती नजर गालावर जाणवत होती. तिने डोळे उचलले नाहीत. जगमधलं पाणी त्याने ग्लासात ओतलं, प्याला, ग्लास खाली ठेवला. भिंतीवर कुठेतरी हीटरची घरघर चालू होती. हॅनाला वाटलं, आता हा म्हणेल, मी सांगितलं तेच खरं. त्याला तेच सोपं होतं. आपल्या तोंडून आपली लाज कोण सांगतं?

"नाही," सेसिल म्हणाला. "मी जात नव्हतो."

"म्हणजे?" वकिलाने विचारलं.

"घराखाली जायचो, मुलीला भेटायला. वर जात नव्हतो. तिने मला येऊ नको म्हणून सांगितलं होतं."

"का?"



"मी तिच्यावर हात उचलला होता," तो म्हणाला. "तिचं कपाळ फुटलं. मी तिला म्हटलं होतं की तुझं कार्ड माझ्यामुळे आहे. त्यानंतर ती घाबरून तिथेच राहिली, नाहीतर मुलीला घेऊन तेव्हाच आली असती. दिवस कमी पडलेत ते माझ्यामुळे." त्याने टायची गाठ सैल केली. "आधी जे बोललो ते खोटं होतं. तिला मदत होईल असं मला वाटलं."

सरकारी वकिलाने आणखी काही विचारलं नाही. शेवटच्या बोलण्यात तो एवढंच म्हणाला की कायद्याने दिवस भरत नाहीत, हे त्याचं म्हणणं कायम आहे. बाकीचं त्याने सदस्य बाईंवर सोपवलं. शुभदा बराच वेळ बोलली. मुलगी इथली, नोकरी इथली, माघारी ठाण्यात आता कुणी नाही. ज्या नियमात बायकोने नवऱ्यासोबत राहणं मोजलं जातं, त्या नियमापायी बाईने मार खाऊन सोबत राहावं अशी तर कायद्याची अपेक्षा नसेल, असंही ती म्हणाली.

सदस्य बाई अर्ध्या तासाने परत आल्या आणि त्यांनी निकाल तिथेच वाचला. दिवस कमी आहेत, विमानतळावरच्या अधिकाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण अर्जदार बाईंनी स्वतःच्या नुकसानीचं असूनही खरं सांगितलं, आणि एकूण परिस्थिती पाहता अपील मान्य करण्यात येत आहे. हॅनाला पहिली दोन-तीन वाक्यं कळली, मग कानात नुसता गलका झाला. शुभदाने तिचा दंड धरला तेव्हा तिला समजलं की संपलं.

बाहेर आल्या आल्या इलानाने विचारलं, "मॉम? व्हॉट हॅपन्ड?"

"राहता येणार," हॅना म्हणाली.

इलानाने दोघांनाही मिठी मारली आणि मग थबकली. आईबाबा आनंदात दिसत नव्हते. "मग तुम्ही असे का?" ती मराठीत म्हणाली. मराठीत ती फक्त काळजी वाटली की बोलायची.

शुभदा निरोप घेऊन गेली. तिघं खाली उतरून रस्त्यावर आली. ट्रामसारखी स्ट्रीटकार घंटा वाजवत पुढून गेली.

सेसिल म्हणाला, "कुठेतरी बसून जेवू या का? मी रविवारपर्यंत आहे. हॅमिल्टनला येऊन जाईन म्हणतो."

"नको."

"हॅना, मी आज सगळ्यांसमोर..."

"हो. बोललास. बरं केलंस." तिला खरंच तसं वाटत होतं, आणि ते त्याला कळावं असंही. "पण तेवढ्याने घरी येता येत नाही, सेसिल. मला आता सोबत नको."

त्याने कोटाची बटणं लावली.

"आणि अजून एक राहिलंय," हॅना म्हणाली. "इलानाला माहीत नाही. मी नाही सांगणार. तू सांग."

"काय माहीत नाही?" इलानाने विचारलं. ती एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

सेसिलचा चेहरा आतल्यापेक्षाही इथे जास्त उतरला. पण त्याने मान हलवली. चौकाच्या पलीकडे एक लहानशी बाग होती, तिथला बाक त्याने दाखवला आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तो तिला घेऊन गेला. हॅना बसस्टॉपच्या काचेच्या आडोशाला उभी राहिली. तिथून ते दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. सेसिल खाली बघून बोलत होता. थोड्या वेळाने इलाना उठली, चार पावलं लांब गेली, तशीच उभी राहिली. हॅनाला वाटलं धावत जावं. ती गेली नाही. मग इलाना परत बाकाशी आली, बसली नाही, बाबाला काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर ऐकून घेतलं आणि रस्ता ओलांडून आईकडे आली.

हॅमिल्टनच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली.  वाटेतलं बर्लिंग्टन आल्यावर म्हणाली, "त्याच्यामुळे गेलं असतं सगळं. आणि तू ते सांगितलंस म्हणूनही गेलं असतं. भीती नाही वाटली?"

"फार वाटली," हॅना म्हणाली.

"मी त्याच्याशी बोलू की नको?"

"तो तुझा बाबा आहे. ते तू ठरव. मला विचारू नकोस, आणि मला वाईट वाटेल म्हणून काही करू नकोस."

इलानाने आईचा हात घेतला आणि मांडीवर ठेवला. खाली उतरल्यावर दोघींनी ग्रोसरीच्या दुकानात जाऊन दूध, अंडी आणि पाव घेतला. दुसऱ्या दिवशी हॅनाची सकाळची पाळी होती आणि इलानाचा केमिस्ट्रीचा पेपर. सेसिल रविवारी मस्कतला परत गेला. जाताना त्याने इलानाला फोन केला. तिने तो लगेच उचलला नाही, पण विमान सुटायच्या आधी तिने स्वतःहून लावला. ते काय बोलले, हॅनाने विचारलं नाही. ती ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवसाचा डबा भरत होती.